लाल पाय पुढे

आमच्या घरात पाण्याला चोरासारखं वागवायची रीत होती. दिसलं की हाकला. माझे सासरे, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांचं उभं आयुष्य पाणी हाकलण्यात गेलं. ढग भरून आले की डोक्यावर पोतं, खांद्यावर फावडं, आणि स्वारी निघाली वरच्या रानात. कुठे पाणी साचलेलं दिसलं की चर मारायचा, सरळ खाली, उताराच्या नाकासमोर. पाणी धावत सुटायचं आणि अप्पा समाधानाने घरी येऊन हात शेकत बसायचे. पाण्याबरोबर आणखी काय गेलं हे पाहायला ते कधी थांबले नाहीत. मी थांबायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा वरच्या रानात कुदळ मातीत रुतायची. आता घाव घातला की खालचा दगड खणखणतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात.

अप्पांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं म्हणणं असं की माणूस म्हातारा होतो तशी डोंगरावरची जमीनही होते, त्यात कुणाचा काय दोष. आणि जमीन म्हातारी झाली म्हणून तिची सोयही त्यांनी बघून ठेवली होती. भराभर वाढणाऱ्या झाडांचे खांब विकणारी एक कंपनी डोंगरातली रानं भाडेपट्ट्याने घेत फिरत होती. एकदा ती झाडं लागली की आमच्या हयातीत तिथे धान्याचं कणीस दिसायचं नाही. कंपनीचा माणूस येऊन चहा पिऊन गेला होता. अप्पा त्याला 'नाही' म्हणाले नव्हते, आणि अप्पा 'नाही' म्हणाले नाहीत याचा अर्थ आमच्या घरातल्या मांजरालाही कळतो.

मला ते रान हवं होतं. उगाच आडपडदा कशाला. नवरा बंदरावर क्रेन चालवतो, त्याचा जीव लोखंडात. घरी येतो तो झोपायला. खालची सपाट जमीन धाकटा दीर बघतो. घरामागचे भाजीचे वाफे अप्पांचे, त्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही. माझ्या हातात काय ते हे वरचं रान. तिथे काय पेरायचं, कधी, कुठल्या अंगाला, हे मी ठरवते आणि चुकलं तर माझं चुकतं. ते गेलं असतं तर मी या घरात चुलीपुरती उरले असते, आणि चुलीपुरतं उरायचा माझा स्वभाव नाही.

म्हणून मी उन्हाळ्यात बाजाराच्या गावी शेतीच्या एका शिबिराला जाऊन बसले. शिकवणारी बाई वयाने लहान, पण बोलणं मुद्द्याचं. उतारावर आडवे बांध घाला, म्हणाली, आणि बांधाची सगळी लांबी एका पातळीत ठेवा. मग पाणी पळत नाही, उभं राहतं, उभं राहिलं की मुरतं, आणि माती जिथल्या तिथे बसते. पातळी काढायला तिने एक साधी वस्तू दाखवली. दोन लाकडी पाय वरच्या टोकाला जोडलेले, मध्ये एक आडवी पट्टी, आणि वरच्या खिळ्याला दोरीने लोंबणारा दगड. दोन्ही पाय एका पातळीत टेकले की दोरी आडव्या पट्टीवरच्या खुणेवर येते. तिथे खुंट्या ठोकायच्या. मग एक पाय जागच्या जागी ठेवून दुसरा फिरवून पुढे टाकायचा, पुन्हा दोरी बघायची, पुन्हा खुंटी. पुढच्या खेपेला पहिला पाय फिरवायचा. असं पावलापावलाने डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं. मला ते बघूनच हुरूप आला.

घरी आल्या आल्या मी अप्पांकडे एक पावसाळा मागितला. अप्पा बराच वेळ दात कोरत राहिले.

"या पावसाळ्यात वरची माती माझ्या वाफ्यात आली, तर रान कंपनीला," ते म्हणाले. "नाही आली, तर तुझं."

मी म्हटलं, ठरलं.

ती लाकडी चौकट करायचं काम धाकट्या दिराकडे गेलं. आम्ही तिला घोडी म्हणू लागलो. दीर शेतकरी खरा, पण हाडाचा सुतार, आणि मापाच्या बाबतीत इतका काटेकोर की सगळे त्याला फुटपट्टी म्हणतात. जेवायला बसताना खुर्ची भिंतीला समांतर आहे ना हे बघणारा माणूस. शिबिरातल्या बाईने बजावलं होतं की पट्टीवरची खूण मापाने काढू नका. घोडी उभी करा, दोरी कुठे येते ते बघा, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा बघा, आणि दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये खूण करा. मी हे फुटपट्टीला सांगितलं तर तो दुखावला. दोन्ही पाय एकाच फळीतून कापलेत, म्हणाला, केसाचाही फरक नाही. बरोबर मध्य काढून पटाशीने खूण कोरली आहे. अंदाजाने खुणा करायला मी काय उंटावरचा शहाणा आहे? वर त्याने स्वतःच्या डोक्यातून एक सुधारणा केली. पाय फिरवताना आमचा गोंधळ होईल म्हणून घोडीच्या एका पायाला त्याने लाल पट्टा रंगवला.

"लाल पाय पुढे, वहिनी. उचला, ठेवा, उचला, ठेवा. फिरवाफिरवी नकोच."

मला ते पटलं. लाल पाय पुढे ठेवला की एकटीने काम उरकत होतं, आणि एकटीने उरकणं माझ्या सोयीचं होतं. कारण माझ्यात आणि माझ्या धाकट्या जावेत, म्हणजे फुटपट्टीच्या बायकोत, त्या दिवसांत विस्तव जात नव्हता.

कारण सांगितलं की लोक हसतात. मी घेवड्याचं बियाणं निवडून निवडून वाढवलं होतं. दर वर्षी सगळ्यात ठसठशीत दाणे बाजूला काढायचे, राख लावून डब्यात ठेवायचे. धाकटीने ते धुऊन शिजवले. वर मलाच वाढले. मी दोन घास खाल्ले, मग ताटातल्या दाण्याचा आकार ओळखीचा वाटला. राख लावलेलं धान्य कुणी शिजवायला टाकतं का, हा माझा प्रश्न. डब्यावर काही लिहिलं होतं का, हा तिचा. त्यानंतर आमचं सगळं बोलणं तिसऱ्यामार्फत चालू झालं. मीठ कमी असलं तर मी ते मांजराला सांगायचे आणि धाकटी मांजराला सांगायची की हवं असेल तर वरून घ्यावं.

तरीही ती बांधाच्या कामाला आली. माझ्या प्रेमापोटी नव्हे. दर वर्षी वरचा मुरूम खाली येऊन तिच्या शेतात बसायचा आणि तो घमेल्याने उपसून तिची कंबर मोडायची. फुटपट्टीने तोडगा काढला: घोड्या दोन, एकाच मापाच्या. आमचं वरचं रान मध्ये खोलगट आहे, दोन्ही कडा एकमेकींकडे तोंड करून उभ्या. या कडेला उभं राहिलं की ती कड समोर दिसते. त्याने स्टुलावर आपली सुतारकामाची लेव्हल ठेवून इकडून तिकडे नजर लावली आणि दोन्ही कडांना एका पातळीत पहिल्या खुंट्या ठोकून दिल्या. मी पूर्वेकडून निघायचं, धाकटीने पश्चिमेकडून, आणि मधल्या खोलगट भागात भेटायचं. तोंड बघावं लागणार ते शेवटी एकदाच.

काम मात्र झकास चाललं. लाल पाय पुढे, दोरी खुणेवर, खुंटी. मी मान वर करून पाहायचे तर समोरून ती येत असायची, तिचाही लाल पाय पुढे. ती वेग वाढवते असं दिसलं की मीही वाढवायचे. शेवटी मधोमध आलो तेव्हा तिची शेवटची खुंटी आणि माझी शेवटची खुंटी यांच्यात बोटभराचाही फरक निघाला नाही. फुटपट्टी धावत आला, गुडघ्यावर बसला, लेव्हल ठेवून पाहिली आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. दोन बाजूंनी दोघी निघाल्या आणि बरोबर भेटल्या, याहून मोठा पुरावा कुठला? अप्पासुद्धा बघायला आले. जाताना खुंटीला पाय लागू नये म्हणून त्यांनी वळसा घेतला, तेव्हा मला वाटलं, जिंकलं.

खुंट्यांच्या रेषेवर आम्ही बांध घातला. वरच्या अंगाने चर खणायचा आणि त्याचीच माती खालच्या अंगाला रचून बडवायची. हाताला फोड आले, ते फुटून कडक झाले. धाकटी तिच्या अर्ध्यात, मी माझ्या अर्ध्यात. बांधावर गवताचे ठोंब लावले. पाऊस सुरू झाला तेव्हा चरात पाणी साठायला लागलं आणि मी रोज मुद्दाम अप्पांच्या वाफ्यांशेजारून जाऊ लागले. वाफे स्वच्छ होते. वांगी धरली होती, भोपळ्याचा वेल कोपऱ्यातल्या दगडांवर चढला होता.

मग एका दुपारी जोराचा पाऊस आला आणि बांध बरोबर मधोमध फुटला.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. धान्याचं पोतं फाटल्यासारखा, फक्त थांबेचना. सगळ्या चरातलं पाणी दोन्ही बाजूंनी मध्ये धावलं आणि तिथून खाली. जाताना त्याने ओघळ नाही, घळ पाडली. आम्ही पोहोचलो तोवर अप्पांचे वाफे लाल चिखलाखाली गेले होते. वांग्याच्या झाडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. अप्पा चिखलात उभे राहून ते शेंडे एकेक करून मोकळे करत होते. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ठरलं होतं," एवढंच ते म्हणाले.

मी म्हटलं की पावसाळा अजून संपलेला नाही. ते म्हणाले, माती यायची होती ती आली. पावसाळा संपला की कंपनीचा माणूस येईल. तोवर तुला डोंगरावर काय करायचं ते कर, हात कुणी धरलेत. म्हणजे पैज मी हरले होते आणि रान गेलं होतं. त्या संध्याकाळी मी भांडी घासताना रडले, रागाने रडले. पण एक गोष्ट मला समजून घ्यायचीच होती. रान जायचं तर जाऊ दे, बांध का फुटला हे कळल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.

सकाळी मी घळीच्या पूर्वेला उभी, धाकटी पश्चिमेला. काही जणींनी आपली बाजू नीट बडवली असती तर ही वेळ आली नसती, असं ती हवेला म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी ढगाला म्हणाले. मग ती ताडताड माझ्या बाजूला आली, आपली घोडी घेऊन. माझी रेषा चुकली हे तिला सिद्ध करायचं होतं. मी माझी घोडी उचलून तिच्या बाजूला गेले. घळीपासून निघून दोघी एकमेकींच्या कडेकडे मोजत चाललो, लाल पाय पुढे. कडेला पोहोचले तेव्हा माझी खुंटी तिच्या पहिल्या खुंटीच्या चांगली कमरेइतकी खाली आली होती. म्हणजे तिची रेषा सपशेल चुकलेली. मी वळून ओरडून सांगणार, तोच तिकडून तिचाच आवाज आला. माझी पहिली खुंटी कमरेइतकी चुकली आहे म्हणून ती सगळ्या डोंगराला ओरडून सांगत होती.

दोघींची चूक सारखीच, आणि तीही नेमकी कमरेइतकी? इतकं तर सख्ख्या बहिणींचंही जमत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. ती खोलगट भाग ओलांडून माझ्याकडे आली आणि माझ्या हातातल्या घोडीकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "हिचे पाय उलटे करून बघा."

किती दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती, मांजराशी नाही. आम्ही दोन सपाट दगड ठेवले, त्यांच्याखाली चिपा सरकवून दोरी खुणेवर आणली. मग घोडी उचलली आणि लाल पाय होता तिथे साधा पाय ठेवला, साध्याच्या जागी लाल. दोरी खुणेवरून बाजूला सरकली, चांगली अंगठाभर.

"घोडीच लंगडी आहे," मी म्हटलं.

दुसरी आणून बघितली. तीही लंगडी, आणि त्याच पायाने. तेव्हा सगळं लख्ख कळलं. प्रत्येक वेळी लाल पाय पुढे, आणि प्रत्येक वेळी पुढचा पाय थोडासा खाली. पाय आलटून पालटून फिरवले असते तर एका वेळची चूक दुसऱ्या वेळी फिटली असती. आम्ही ती साठवत नेली. मी पूर्वेकडून उतरत आले, ती पश्चिमेकडून उतरत आली, आणि दोघी सारख्याच उतरल्या म्हणून मध्ये बरोबर भेटलो. जन्मात एकदा आम्हा दोघींचं जमलं आणि नेमकं तेच चुकलं. बांध नव्हे, पाणी मध्ये आणून सोडणारं पन्हाळं बांधलं होतं आम्ही.

फुटपट्टीला बोलावलं. त्याने पाय मोजले, पट्टी मोजली, सगळं बरोबर निघालं आणि त्याचा चेहरा उजळला. मग वर खिळ्याकडे पाहिलं आणि चेहरा पडला. खिळा सांध्याच्या मधोमध मारला तर फळी चिरते, म्हणून त्याने तो जरासा बाजूला मारला होता. दोन्ही घोड्यांना, एकाच मापाने. बिचाऱ्याने खिळ्याला हात लावून पाहिला. मग चाकू काढून त्याने स्वतःच लाल रंग खरवडला.

आम्ही रेषा पुन्हा काढायला घेतली. एकच घोडी, नवी खूण, पाय फिरवून. ओल्या उतारावर हे एकटीने होत नाही. एकीने टेकलेला पाय घट्ट धरून बसायचं, दुसरीने मोकळा पाय फिरवायचा, दोरी स्थिर होईपर्यंत दोघींनी श्वास रोखायचा. धर, सोड, थांब, हां, असं बोलावंच लागतं, आणि एकदा तोंड उघडलं की माणूस तेवढ्यावर थांबत नाही. मधल्या भागात आलो तेव्हा ती म्हणाली, "पण ताई, घेवडा चवीला फार छान होता हो." मी रागावणार होते, पण हसू फुटलं आणि दोरी हलली, मग ती खुंटी पुन्हा बघावी लागली.

खरी रेषा खोलगट भागात जुन्या बांधाच्या बरीच वरून गेली. म्हणजे मधला सगळा बांध नव्याने वर घालायचा, तोही भर पावसाळ्यात. चिखल फावड्याला चिकटायचा, फावडं हाताला. दोन सरींच्या मध्ये जेवढी उघडीप मिळेल तेवढ्यात खणायचं. फुटपट्टी खालची शेती सोडून आमच्याबरोबर खपला. वाटेने जाणारे विचारायचे, काय, डोंगराला कंबरपट्टा करताय का? धाकटी सांगायची की हो, पैंजणं पुढल्या वर्षी. एका दुपारी कंपनीचा माणूस छत्री घेऊन डोकावून गेला. एवढा जीव कशाला काढता, म्हणाला, रान तर आमच्याकडेच येणार आहे. मी त्याला म्हटलं, आलंच तर चांगलं राखलेलं मिळेल, तुमचा काय तोटा? फावडं थांबवलं नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हे मला माहीत होतं.

एक गोष्ट उरली होती. चर काठोकाठ भरला की जादा पाण्याला सांडवा लागतो, नाहीतर ते बांधावरून उलटतं आणि बांध पुन्हा जातो. पूर्वेच्या कडेला भुसभुशीत माती. तिथे सांडवा काढला की नवी घळ. पश्चिमेच्या कडेला खडक आहे. पण त्या खडकावरून उतरलेलं पाणी थेट अप्पांच्या वाफ्यांच्या कोपऱ्यातूनच ओढ्याला जाऊ शकतं. दुसरी वाट नाही. मी अप्पांकडे तेवढा कोपरा मागायला गेले. ते भोपळ्याचा वेल पुन्हा दगडावर चढवत बसले होते.

"एकदा माती घातलीत माझ्या वाफ्यात," ते म्हणाले. "आता पाणीही घालता?"

त्यांचं काय चुकलं होतं? मी त्यांच्या जागी असते तर फावडं घेऊन मागे लागले असते. मी परत गेले आणि आम्ही दगड रचून सांडवा अप्पांच्या हद्दीपर्यंत आणून सोडला. पुढे त्यांच्या वाफ्याचा उंच वरंबा होता. सांडव्याचं तोंड आम्ही मातीने बुजवून ठेवलं. अर्धवट काम आहे हे तिघांनाही माहीत होतं. पाऊस बेताने पडावा, एवढंच हातात होतं.

तो बेताने पडला नाही. पावसाळा सरत आला असताना दिवसभर संततधार लागली आणि दुपारनंतर तर समोरचं दिसेना. आम्ही तिघं बांधावर होतो. चर भरत होता, पण या वेळी पाणी धावत नव्हतं. मध्ये जेवढं, तेवढंच पूर्वेला, तेवढंच पश्चिमेला. एवढ्या पावसात त्या डोंगरावर एकही ओघळ वाहताना दिसत नव्हता, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण पाणी चढत होतं. बांधाच्या माथ्याला वितीएवढं अंतर राहिलं, मग चार बोटं. फुटपट्टी घमेल्याने माती आणून माथ्यावर टाकत होता आणि ती पावसाने विरघळत होती.

तेव्हा अप्पा वर येताना दिसले. डोक्यावर पोतं, खांद्यावर फावडं.

साचलेलं पाणी दिसलं की हा माणूस काय करतो हे मी लग्न झाल्यापासून बघत आले होते. नाकासमोर चर मारणार आणि पाणी मोकळं करणार. त्यांनी मध्ये फावड्याचा एक घाव घातला असता तर सगळं संपलं असतं. मी जाऊन बांधाच्या मधोमध उभी राहिले. मी हलणार नव्हते. धाकटी धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

अप्पा आमच्यासमोर आले. पाण्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"कडेला किती आहे?" त्यांनी विचारलं.

"इथे आहे तितकंच," मी म्हटलं. "सगळीकडे सारखं आहे, अप्पा. फोडू नका."

त्यांचा विश्वास बसला नाही. ते बांधाच्या कडेकडेने पूर्वेला गेले, परत आले, आमच्या मागून पश्चिमेला गेले. जाताना मध्येच वाकून ते पाण्याची रेषा बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पाहायला ते थांबलेच नव्हते. पश्चिमेच्या कडेला ते सांडव्याच्या तोंडापाशी थांबले आणि खडकावरून खाली उतरू लागले. मला वाटलं, घरी चालले. बरं झालं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण पाणी आता माथ्याला दोन बोटांवर होतं.

ते घरी गेले नाहीत. आपल्या वाफ्यांच्या कोपऱ्यावर उभे राहिले, फावडं उचललं आणि स्वतःच्या वरंब्यावर घातलं. एक घाव, दुसरा घाव. वरंबा पडला. मग भोपळ्याचा वेल मुळाजवळ तोडून त्यांनी बाजूला फेकला आणि वाफ्यातून ओढ्याकडे वाट खणायला लागले. फुटपट्टी बघतच राहिला. मी ओरडून त्याला सांडव्याचं तोंड मोकळं करायला सांगितलं आणि आम्ही तिघांनी हातांनी माती उपसली.

पाणी खडकावरून उतरलं. वांग्यांची रांग आडवी करत अप्पांच्या वाफ्यातून गेलं आणि ओढ्याला मिळालं. बांधाचं पाणी आधी थबकलं, मग हळूहळू माथ्यापासून खाली गेलं. मी धापा टाकत खाली अप्पांपाशी पोहोचले. ते गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं होतं आणि ते बघत होते. भाजी धुतल्यावर उरतं तेवढं गढूळ, त्याहून जास्त नाही. ओंजळीच्या तळाशी त्यांचा तळवा दिसत होता.

त्यांचे वाफे, त्यांची वांगी, मी काय बोलणार होते? मी फक्त "अप्पा, तुमचे वाफे" एवढंच म्हणू शकले आणि रडायला लागले.

"वाफे काय, मी पुन्हा करीन," अप्पा म्हणाले. त्यांनी ओंजळ सोडली. "माती कुठून आणू?"

कंपनीच्या माणसाला काय सांगायचं, असं फुटपट्टीने वरून विचारलं. रान थोरलीचं आहे, तिला विचार, असं अप्पा म्हणाले, आणि वाटेची कड पाण्याने तुटायला लागली आहे, दगड आणा, उभे काय राहिलात, असंही म्हणाले. मी डोळे पुसले आणि आम्ही दगड आणायला गेलो.